माळ्यावरचा एक्सटी सुरू करण्याआधी

नमस्कार. मामांच्या करसल्ल्याच्या ऑफिसातला १९८९ सालचा पीसी-एक्सटी, म्हणजे जुन्या पिढीचा कॉम्प्युटर, तुम्ही माळ्यावरून खाली काढलाय, आत वीस एमबीची हार्ड डिस्क आहे, तिच्यावर डीबेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये अशिलांच्या नोंदी आहेत आणि 'प्लग लावून बघू का?' असं विचारलंय. कृपा करून आज लावू नका. १९८७ पासून सात-आठ वर्षं मी पुण्यातल्या पेठांमधल्या ऑफिसांत याच जातीची मशिनं सांभाळली. इतकी वर्षं बंद असलेल्या मशिनचं सगळ्यात जास्त नुकसान पहिल्यांदा बटण दाबतानाच होतं.

आधी झाकण काढून मशिन चार-पाच दिवस कोरड्या खोलीत ठेवा, उन्हात नको. किती पावसाळ्यांची ओल त्यात मुरली असेल! मऊ ब्रशनं धूळ झाडा. एखाद्या कार्डावर घड्याळासाठी गोल बॅटरी असेल आणि तिच्याभोवती हिरवट थर दिसत असेल, तर ती लगेच काढा. तो थर तांब्याच्या रेषा खातो.

मग मागच्या बाजूला व्होल्टेजची लाल पट्टी आहे का बघा. ती २३० वरच हवी. एका ऑफिसात कुणीतरी ती ११५ वर सरकवली होती आणि मी न बघता बटण दाबलं. मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि पॉवर सप्लाय गेला. तेव्हापासून मी आधी ती पट्टी बघतो.

पहिल्या चाचणीला हार्ड डिस्कची पॉवरची तार काढून ठेवा. बटण दाबल्यावर पंखा एकदा झटका देऊन थांबला, तर पॉवर सप्लाय स्वतःला वाचवतोय, कुठेतरी शॉर्ट आहे असं समजा. बहुतेक वेळा थेंबाच्या आकाराचा टँटलमचा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) गेलेला असतो. कार्डं एकेक करून काढा आणि दर वेळी पुन्हा बघा. मदरबोर्डला जाणारे पॉवरचे दोन कनेक्टर काढलेत, तर परत लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मधे शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्ड संपला. पंखा नीट फिरू लागला की ड्राइव्हच्या रिकाम्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. काळ्या तारेच्या तुलनेत लालवर ५ व्होल्ट आणि पिवळ्यावर १२ व्होल्ट यायला हवेत.

आता कीबोर्ड. एक्सटी आणि त्यानंतर आलेला एटी, दोन्हींच्या कीबोर्डना तीच गोल पाच पिनांची जोडणी असते, पण एकाचा दुसऱ्याला चालत नाही. पाठीमागे एक्स आणि ए असा छोटा स्विच असेल तर तो एक्सवर ठेवा. पडद्यावर ३०१ हा चुकीचा आकडा (एरर) आला तर बहुधा इथेच चुकलंय. मशिन मेमरी मोजत ६४० केबीपर्यंत जाईल. त्याला बराच वेळ लागतो, मधे बंद करू नका. शेवटी एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि दोन छोट्या आल्या तर डिस्प्ले कार्ड बघा. १७०१ हा हार्ड डिस्कच्या चुकीचा आकडा दिसला तर घाबरू नका, डिस्क सुटी आहे म्हणून तो येतोय.

यानंतर फ्लॉपीवरून डॉस, म्हणजे मशिन चालवणारी मूळ प्रणाली, चढवा. ३.३ आवृत्ती उत्तम. फ्लॉपी ३६० केबीच्या ड्राइव्हवरच लिहिलेली हवी. १.२ एमबीच्या ड्राइव्हचा ट्रॅक अरुंद असतो, त्यानं लिहिलेली जुनी फ्लॉपी एक्सटीला नीट वाचता येत नाही. मामांच्या फ्लॉप्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर त्या घालूच नका, ड्राइव्हचं हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) खराब होईल. बाकीच्यांच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही.

डॉस तारीख विचारेल आणि १-१-१९८० दाखवेल. एंटर दाबून पुढे जाऊ नका. एक्सटीला स्वतःचं चालू घड्याळ नसतं, सांगाल तीच तारीख ते धरतं. आमच्या ऑफिसांत सकाळी घाईत एंटर दाबला जायचा आणि दिवसभराच्या सगळ्या फायली १९८० सालच्या व्हायच्या. मार्चअखेरीला कोणती फाईल शेवटची, हे कुणालाच सांगता यायचं नाही. शिवाय इथे आधी महिना आणि मग दिवस लिहायचा. आपल्या सवयीनं १३-५ टाकलं तर मशिन नाकारतं, पण ५-६ मुकाट घेतं, तिथेच घोळ व्हायचा. वर्ष चार आकडी लिहा.

आता हार्ड डिस्क. तिची तार लावा, मशिन चालू करा आणि अर्धा तास नुसतं फिरू द्या. या डिस्कांचं हेड स्टेपर मोटरवर (टप्प्याटप्प्यानं सरकणाऱ्या मोटरवर) चालतं, डिस्क तापली की ते पूर्वीच्या जागी नीट बसतं. पहिल्याच प्रयत्नात 'वाचता येत नाही' म्हणून लोक सोडून देतात, त्यातल्या कित्येक डिस्का मी नंतर वाचलेल्या पाहिल्यात. कंट्रोलर कार्ड (डिस्क चालवणारं कार्ड) बदलू नका, डिस्क ज्या कार्डावर फॉरमॅट झाली त्याच्याचबरोबर राहू द्या. फॉरमॅट तर नाहीच, पण चेकडिस्क ही डिस्क तपासायची आज्ञा एफ लावूनही चालवू नका, ते डिस्कवर लिहितं.

डीआयआर (फायलींची यादी) दिसली की आधी डीबीएफ आणि डीबीटी, म्हणजे डीबेसच्या नोंदींच्या, फायली बाहेर काढा. सिरियल केबल आणि कर्मिट हा फायली पाठवायचा प्रोग्रॅम वापरा. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगानं अख्खी वीस एमबी काढायला किमान सहा तास जातील, पण नोंदी तेवढ्या नसतील. डीबीएफ आजच्या लिब्रे ऑफिसमध्ये उघडतात. इंडेक्सच्या फायली राहिल्या तरी चालेल, त्या पुन्हा बनतात.

बंद करण्याआधी पार्क ही हेड सुरक्षित जागी नेणारी आज्ञा द्या, डिस्कवर ती असतेच बहुधा. लक्ष्मी रोडवरचं एक ऑफिस हलवताना पार्क न करता मशिन टेम्पोत टाकलं गेलं आणि दोन वर्षांचा हिशेब गेला. तिथल्या कारकुनांनी तो पावत्यांवरून महिनाभर रात्री बसून पुन्हा भरला.

झाकण काढल्यावर कंट्रोलर कार्डाचा आणि डिस्कला जाणाऱ्या दोन्ही पट्टी-केबलींचा फोटो टाका. केबलीची लाल कड कुठल्या बाजूला आहे ते फोटोत दिसू द्या, म्हणजे बटण दाबण्याआधी मी एकदा बघून घेतो.