चिंताविकृती की चिंताविकार? आणि ‘भयगंड’ चालेल का?

प्रश्न असा आहे: ‘मी प्रथम वर्ष कला शाखेत मराठी माध्यमातून मानसशास्त्र शिकते. पुस्तकात चिंता विकृती आहे, वर्तमानपत्रात चिंतारोग वाचलं आणि सर वर्गात सरळ एन्झायटी म्हणतात. योग्य शब्द कोणता? भीती, चिंता आणि काळजी यांत फरक काय? फोबियाला भयगंड म्हटलं तर चालेल का? आणि ‘कारणे लिहा’ या प्रश्नात हे शब्द कसे वापरायचे?’

पेपरात पुस्तकातला शब्द लिहा, तपासणाऱ्याशी भांडण नको. बाकी सगळीकडे माझं मत ‘चिंताविकार’ला.

विकार आणि विकृती हे दोन्ही शब्द ‘वि + कृ’ पासूनच आलेले. मूळ रूपात झालेला बदल, एवढाच त्यांचा जुना अर्थ, आणि सांख्य तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत विकृतीत काही वाईट नाही. पण आजच्या मराठीत ‘विकृत’ हा शब्द गुन्ह्याच्या बातमीत राहायला गेला आहे. झोप उडालेल्या, सतत मुलांच्या घोराने पोखरलेल्या एखाद्या काकूंना ‘तुम्हाला चिंताविकृती आहे’ असं सांगितलं, तर त्यांच्या कानावर ‘तुम्ही विकृत आहात’ एवढंच पडणार. याउलट हृदयविकार, त्वचाविकार, मनोविकार या शब्दांत कुणावर शेरा नाही. कीर्तनात विकार म्हणजे काम-क्रोधादी मंडळी, हे खरं. पण दवाखान्यात तो गोंधळ होत नाही. ‘चिंतारोग’ मला पटत नाही. रोग म्हटलं की आपण जंतू शोधायला लागतो.

आता ‘चिंता’. संस्कृतात चिन्त् म्हणजे विचार करणं. चिंतन, चिंतक, हितचिंतक यांत तो साधा अर्थ अजून टिकून आहे. लहानपणीचे समर्थ अडगळीत लपून बसले आणि आईने विचारल्यावर ‘चिंता करितो विश्वाची’ म्हणाले, ही आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिथली चिंता चिंतनाच्या जवळची आहे. त्या मुलाला काही धडधड वगैरे होत नव्हती. म्हणूनच बहुधा हिंदी पाठ्यपुस्तकांना पुढे ‘दुः’ लावून ‘दुश्चिंता’ करावंसं वाटलं. मराठीत त्याची गरज नाही. आपल्याकडे एकटी चिंताही पुरेशी काळवंडलेली आहे, चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक सांगणारं सुभाषित शाळेतच भेटतं.

युरोपातल्या शब्दाची वाट वेगळी आहे. एन्झायटीच्या मुळाशी लॅटिन ‘अंगेरे’ आहे, म्हणजे आवळणं, गळा दाबणं. जर्मन ‘आंग्स्ट’ त्याच कुळातला. आणि गंमत म्हणजे आपला वैदिक ‘अंहस्’ही: अडचण, कोंडी, पुढे पाप. थोडक्यात त्यांचा शब्द गळ्यापासून निघाला, आपला डोक्यापासून. अभ्यासाच्या दृष्टीने ही तफावत महत्त्वाची आहे, कारण चिंताविकारांना दोन्ही बाजू असतात. सार्वत्रिक चिंताविकारात, म्हणजे अनेक गोष्टींबद्दलच्या सततच्या चिंतेत, विचारांचं चक्र पुढे असतं. पॅनिक डिसऑर्डरमध्ये शरीर पुढे असतं, काही मिनिटांत शिगेला पोचणारा झटका येतो आणि माणूस हार्ट ॲटॅक समजून इस्पितळात धावतो. या दुसऱ्या प्रकाराला ‘चिंता’ हा शब्द तोकडा पडतो. ‘भीतीचा झटका’ हा साधा शब्द मला त्यासाठी सर्वांत प्रामाणिक वाटतो.

शरीराच्या बाजूने मराठी मुळीच गरीब नाही. पाठ्यपुस्तकातली लक्षणांची यादी शेजारी ठेवा: छातीत धस्स होणं, दरदरून घाम फुटणं, तोंडचं पाणी पळणं, पोटात गोळा येणं, हातपाय गळणं, जीव घाबरा होणं. उत्तरात ‘हृदयस्पंदन गतीत वाढ’ लिहावं लागेल, लिहा. पण पाठ करताना हे वाक्प्रचार आठवलेत तर यादी विसरणार नाही.

भीती आणि चिंता यांतला फरक पुस्तकं असा करतात: भीती समोरच्या धोक्याची, चिंता पुढे येऊ शकणाऱ्या धोक्याची. संकल्पना म्हणून हे ठीक आहे. बोलीत मात्र ही रेघ नामांवर ओढलेली नाही. ‘परीक्षेची भीती वाटते’ आणि ‘परीक्षेची चिंता वाटते’ ही दोन्ही वाक्यं सरळ आहेत, आणि पुस्तकी व्याख्येने दोन्हीकडे चिंताच आहे. काळाचा फरक मराठी भलत्याच शब्दांनी दाखवते. निकालाच्या आदल्या रात्री धाकधूक असते, होऊन गेलेल्या गोष्टीची रुखरुख लागते, आणि कशाची ते सांगता येत नाही तेव्हा नुसतीच हुरहूर.

माझ्या मते खरा भेद क्रियापदांत आहे. काळजी ‘घेतो’ तेव्हा ती देखभाल असते. काळजी ‘करतो’ तेव्हा कर्ता आपण असतो, निदान तसं वाक्य सांगतं. पण काळजी ‘लागते’ तेव्हा कर्तेपण आपल्या हातून गेलेलं असतं. जिवाला घोर लागतो, भीती वाटते, धडकी भरते, या सगळ्या वाक्यांत माणूस ‘मला’, ‘त्याला’, ‘जिवाला’ असा बाजूला उभा असतो. आता सार्वत्रिक चिंताविकाराचा निकष बघा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेनुसार किमान 6 महिने, बहुतेक दिवशी, अनेक गोष्टींबद्दल अतिरेकी चिंता असावी लागते. आणि ती आवरणं त्या व्यक्तीला कठीण जावं लागतं. ही शेवटची अट म्हणजेच आपलं ‘लागणं’. म्हणून ‘काळजी करू नकोस’ हा सल्ला अशा माणसाला लागू पडत नाही. तो काळजी करतच नसतो, त्याला ती लागलेली असते. (टेन्शनचं व्याकरण आणखी मजेशीर. ते येतं, घेता येतं आणि दुसऱ्याला देताही येतं.)

पुस्तकातला एक शब्द मात्र मला खटकतो, ‘सामाजिक चिंता विकृती’. हे वाचून डोळ्यांसमोर समाजाच्या प्रश्नांनी झोप उडालेला कार्यकर्ता येतो. अभिप्रेत आहे चारचौघांत बोलण्याची, जेवण्याची, लोक आपल्याला जोखतील याची भीती. ‘चारचौघांची भीती’ म्हटलं तर आजीलाही कळेल. तिला भिडस्तपणा किंवा बुजरेपणा म्हणू नका. तो स्वभाव झाला. कॉलेज सुटणं, नोकरीची मुलाखत टाळणं इथवर गोष्ट गेली की मग विकार.

भयगंडाबद्दल. गंड हा शब्द मराठीत न्यूनगंड, अहंगंड यांतून रुळला, म्हणजे मनात खोल बसलेली भावनांची गाठ. फोबिया अशी गाठ असतेच असं नाही. पाल दिसली की किंचाळणारा आणि पाल नसलेल्या घरात मजेत राहणारा माणूस कुठल्याही गंडाने ग्रासलेला नसतो. शब्द रूढ आहे, चुकीचा ठरवण्यात अर्थ नाही. पण नेमकं लिहायचं तर ‘विशिष्ट भीतिविकार’ किंवा सरळ फोबिया. ॲगोराफोबियाला ‘मोकळ्या जागेची भीती’ म्हणतात तेही अर्धवट आहे. 1871 मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी हा शब्द रूढ केला, त्यातला ग्रीक ‘अगोरा’ म्हणजे भर बाजाराचा चौक. गर्दीची लोकल, रांग, पूल, सगळं त्यात येतं. भीती असते ती ऐनवेळी तिथून निसटता येणार नाही याची. आणि ओसीडीला, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या विकाराला, मराठीत ‘मंत्रचळ’ असा झकास शब्द आहे, पण 2013 च्या डीएसएम-5 पासून तो विकार चिंताविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढलेला आहे. जुन्या पुस्तकांत अजून आत सापडेल.

राहिली कारणं. इथे ‘धसका घेणे’ हा वाक्प्रचार कामाला येतो, कारण त्यात कारण आधीच बसलेलं आहे: काहीतरी घडलं, आणि मनाने ते धरून ठेवलं. 1920 मध्ये जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी ‘अल्बर्ट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारला. असं काही वेळा केल्यावर मूल नुसत्या उंदराला रडू लागलं, पुढे सशाला आणि केसाळ कोटालाही. हा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि बरंच आहे. ससा आणि कोट या पायरीला पुस्तकात ‘सामान्यीकरण’ म्हणतात. आपण म्हणतो, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मग माणूस कानाला खडा लावतो, पुन्हा त्या वाटेला जात नाही. इथेच मेख आहे. टाळल्याने लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच टाळणं पक्कं होतं. भीती खोटी ठरायची संधीच मिळत नाही. 1947 मध्ये ओ. होबार्ट माउरर यांनी मांडलेला द्विघटक सिद्धान्त तो हाच.

पण प्रत्येक भीतीमागे धसका शोधू नका. फोबिया असलेल्या कितीतरी जणांना तशी घटना आठवतच नाही. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांच्या प्रयोगांत माकडं दुसऱ्या माकडाची सापाबद्दलची भीती नुसती बघून भ्यायला शिकली. फुलांच्या बाबतीत तसं झालं नाही. म्हणजे बघून शिकणं आहे, आणि काही गोष्टींना भ्यायची तयारी उत्क्रांतीतून आलेलीही आहे. ‘काळजीखोर’ हा शब्द स्वभावाकडे बोट दाखवतो: आनुवंशिकता, संवेदनशील मज्जासंस्था, धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूतला ॲमिग्डला, मेंदूला शांत करणारं गाबा हे रसायन. आणि डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये पॅनिकबद्दल मांडलं की साध्या धडधडीचा ‘आता मी मरणार’ असा अर्थ लावला की धडधड आणखी वाढते, आणि वाढलेली धडधड तो अर्थ खरा ठरवते. उत्तरात ‘कारण’ असं एकवचन लिहिण्याऐवजी ‘कारणीभूत घटक’ लिहा. यांतलं एकटं कुणी पुरेसं नसतं.

लेखनाचं एक: ‘चिंताविकार’ जोडून लिहा, सुटा नाही. ‘भीती’ एकटी असताना दीर्घ, पण ‘भीतिविकार’मध्ये ति ऱ्हस्व, कारण तत्सम शब्द समासाच्या पूर्वपदी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. ‘विकृती’चंही तसंच, म्हणून ‘विकृतिशास्त्र’.