पश्चिमेची खिडकी बदलताना

प्रश्न : आमची इमारत चाळीस वर्षांची आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घराच्या दोन मोठ्या खिडक्या पश्चिमेला उघडतात. लाकडी चौकटी पावसाळ्यात फुगतात, पल्ले नीट बसत नाहीत आणि उन्हाळ्यात दुपारी तीननंतर खोलीत बसवत नाही. एसी लावला तरी ती लवकर गार होत नाही. विक्रेत्याने यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, चौकटीत दुहेरी काच सुचवली आहे. त्यामुळे विजेची मोठी बचत होते आणि ती पर्यावरणपूरकही असते, असे त्याचे म्हणणे आहे. एवढा खर्च करावा का? आणि प्लॅस्टिकची खिडकी पर्यावरणपूरक कशी?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : दुहेरी काच वाईट नाही, पण आपल्या खोलीच्या त्रासावरचा तो पहिला इलाज नव्हे. खिडकीतून उष्णता दोन वाटांनी आत येते. एक, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असल्यामुळे काचेतून झिरपणारी आणि दुसरी, उन्हाबरोबर थेट शिरणारी. थंड देशांत आतल्या आणि बाहेरच्या तापमानात वीस-पंचवीस अंशांचा फरक महिनोन्‌महिने राहतो, म्हणून तिथे काचेच्या थरांना इतके महत्त्व आहे. मुंबईत बाहेर ३३ आणि एसीच्या खोलीत २५ अंश धरले, तर फरक अवघा ८ अंशांचा. एका अंशाच्या फरकाला एक चौरस मीटर काचेतून किती उष्णता जाते हे यू-व्हॅल्यू सांगते. साध्या एकेरी काचेसाठी ती साधारण ५.७ वॅट असते आणि मध्ये हवेची पोकळी ठेवलेल्या साध्या दुहेरी काचेसाठी साधारण २.८. म्हणजे दुहेरी काचेने चौरस मीटरमागे वाचले ते २३ वॅट. आता उन्हाचा हिशेब पाहा. दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या काचेवर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडते असे धरले, तर साधी काच त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे ४०० वॅट, आत सोडते आणि साधी दुहेरी काचही ७० टक्क्यांच्या आसपास सोडतेच.

म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवणे हे आपले पहिले काम. आतला पडदा ओढल्याने डोळ्यांवरची तिरीप थांबते, पण तोपर्यंत उष्णता काचेतून आलेली असते. ती पडदा तापवते आणि बरीचशी खोलीतच राहते. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो, कारण तिथे सूर्य डोक्याच्या बाजूला असतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे, छज्ज्याच्या खालून येते, म्हणून तिथे उभा आडोसाच लागतो. ग्रिल आणि काच यांच्यामध्ये गुंडाळता येणारी बांबूची चीक (काड्यांचा पडदा), फिरत्या पट्ट्यांची झडप किंवा ग्रिलवर चढवलेला दाट वेल यांपैकी सोसायटीला जे मान्य असेल ते करावे. चिकेचा खर्च नव्या खिडकीच्या मानाने किरकोळ असतो. निर्णय घेण्याआधी एक उन्हाळा ती लावून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

त्यानंतरही काच बदलायची असेल, तर थर किती हे विचारण्याआधी दोन आकडे लेखी मागावेत. एसएचजीसी, म्हणजे उन्हाच्या उष्णतेचा किती भाग आत येतो, तो पश्चिमेला ०.४ च्या खाली असावा. आणि व्हीएलटी, म्हणजे किती उजेड आत येतो, तो त्याहून कमी नसावा. नुसती काळपट किंवा आरशासारखी काच घेतली तर ऊन अडते, पण खोली इतकी अंधारते की दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात.

वाऱ्याचा मुद्दा मला काचेइतकाच मोलाचा वाटतो. मुंबईच्या दमट हवेत वर्षातले कितीतरी महिने उघडी खिडकी आणि पंखा एवढ्यावर भागते आणि न लावलेल्या एसीइतकी वीज दुसरे काहीच वाचवत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत (घरांमधील ऊर्जाबचतीच्या नियमावलीत) उष्ण-दमट प्रदेशातील घरांसाठी खिडक्या-दारांचे उघडणारे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, सांगितले आहे. सरकती खिडकी जास्तीत जास्त अर्धी उघडते. बिजागरीवर उघडणारे पल्ले जवळजवळ पूर्ण उघडतात. बाहेरचे ग्रिल आड येत असेल, तर आत उघडणारे पल्ले करून घ्यावेत.

आता चौकट. यूपीव्हीसीतून उष्णता कमी वाहते आणि तिला वाळवी लागत नाही, हे तिचे खरे गुण आहेत. परंतु ती क्लोरीन आणि खनिज इंधनापासून बनते, हेही तितकेच खरे. घ्यायचीच असेल, तर प्लॅस्टिक टिकाऊ करणारा घटक (स्टॅबिलायझर) शिशाऐवजी कॅल्शियम-झिंकचा वापरल्याचे लेखी घ्यावे आणि आत गंजरोधक लेप दिलेली पोलादी पट्टी आहे ना, हे कापलेल्या नमुन्यात स्वतः पाहावे. अ‍ॅल्युमिनिअम उष्णता झटकन आत आणते आणि खनिजापासून ते तयार करायला टनामागे सुमारे १४-१५ हजार युनिट वीज खर्च होते. पुनर्वापरातून मिळवलेल्याला मात्र मुळातल्या ऊर्जेच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते आणि भंगारातही त्याला भाव मिळतो. समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे कड्या आणि बिजागऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात.

एसी चालू असताना खोली लवकर गार न होण्याचे आणखी एक कारण आपल्या पत्रातच आहे : न बसणारे पल्ले. फटींतून दमट हवा सतत आत येते आणि तिच्यातले बाष्प काढण्यातच यंत्राची बरीच शक्ती जाते. खिडकी कोणतीही असो, पल्ल्यांच्या कडेला चांगले रबर हवे आणि खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी निघायची भोके हवीत, नाहीतर जुलैमधल्या पहिल्याच झोडपणाऱ्या पावसात पाणी फरशीवर येईल. भिंतीतले माप वाढवू नये आणि कामाआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी.

प्रश्न : आम्ही गिरगावात जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. सागवानी खिडक्या बदलायला मालक तयार नाहीत. काही करता येईल का?
— एक वाचक

उत्तर : बदलू नयेच. पट्ट्यांच्या झडपा असलेल्या जुन्या सागवानी खिडक्या ऊन बाहेर अडवतात आणि वारा आत सोडतात. या हवेला यापेक्षा योग्य रचना क्वचितच मिळेल. मालकाला सांगून पावसाळ्याआधी, लाकूड पूर्ण सुकलेले असताना सुताराला बोलवा. जिथे पल्ला अडतो तिथेच रंधा मारायला सांगा, बिजागऱ्या बदला, तावदानांची सुटलेली लांबी (पुट्टी) खरवडून नव्याने भरा. सडतो तो बहुधा पल्ल्याचा खालचा आडवा भाग. तेवढाच कापून सागाचा जोड देता येतो. त्याच्या खालच्या कडेलाही तेलरंग लावून घ्या, कारण ती कड दिसत नाही म्हणून रंगारी तिला वगळतात आणि पाणी तिथूनच लाकडात शिरते.