‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ म्हणत वडिलांना एनीडेस्क घ्यायला लावलं. खरं असेल का? आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात राहणाऱ्या वडिलांच्या लॅपटॉपवर अचानक लाल स्क्रीन आली, भोंगा वाजू लागला, त्यांनी त्यावरच्या नंबरवर फोन लावला आणि समोरच्याने एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर बघायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, घ्यायला लावलं. पैशांचा विषय निघाल्यावर वडिलांनी फोन कट केला. बरं केलं.

खरं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ म्हणून ते आपणहून कुणाला फोन करत नाहीत. ती लाल स्क्रीन म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेलं एक साधं वेबपेज, फक्त पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं. एस्केप बटण दाबून धरलं की बहुतेक वेळा लहान होतं. नाहीच झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि तिथून ब्राउझर बंद करायचा. परत उघडल्यावर ‘आधीची पानं उघडू का’ असं विचारलं तर नको म्हणायचं.

मी नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. या लोकांची खरी हातचलाखी पुढे असते. ते तुम्हाला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात. त्यात लाल-पिवळ्या खुणांच्या ओळीच ओळी दिसतात आणि माणूस घाबरतो. कालच आणलेल्या कोऱ्या लॅपटॉपवरसुद्धा त्या दिसतील, कारण विंडोज बारीकसारीक गोष्टींची नोंद तिथे ठेवतं. दुसरी युक्ती काळ्या खिडकीत एक कमांड टाकून तीन आठांनी सुरू होणारा लांबलचक नंबर दाखवायची. ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स आयडी, आमच्याकडे नोंद आहे, जुळवून बघा,’ म्हणतात. नंबर जुळतोच, कारण तो जगातल्या सगळ्या विंडोजवर एकच आहे! शिकलेसवरलेले लोकही इथंच फसतात. पुरावा डोळ्यांसमोर असतो आणि खरा असतो, फक्त त्याचा अर्थ खोटा सांगितलेला असतो.

‘अनोळखी फोन उचलू नका’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी स्वतःच फोन लावलेला असतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या दिवाणजींचा प्रिंटर ऐन बिलं काढायच्या वेळी बंद पडला. त्यांनी गूगलवर कस्टमर केअर शोधलं आणि सर्वात वर दिसलेल्या नंबरवर फोन केला. ती जाहिरात होती, नंबर भामट्याचा. नंबर घ्यायचा तो खोक्यावरून, बिलावरून किंवा कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून. आणि समोरचा छान मराठीत ‘काका’ म्हणून बोलला, याला काही किंमत नाही.

एनीडेस्क वाईट नाही. कारखान्यांची टॅली मी त्याच्यावरूनच बघतो, पण तिथं समोरचा मला ओळखत असतो. अनोळखी माणसाने एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट यांपैकी कशाचंही नाव काढलं की बोलणं तिथंच संपवायचं. मोबाइलवर घेतलं तर आलेला ओटीपीही त्याला दिसतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच या प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं.

आता वडिलांचा लॅपटॉप. आधी वायफाय बंद करा. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्या दिवशी जे जे आलंय ते काढा. एनीडेस्कच्या आडून दुसरं एखादं रिमोट सॉफ्टवेअर गुपचूप टाकून ठेवायची सवय असते यांना. पासवर्ड बदला, पण त्या लॅपटॉपवरून नको, दुसऱ्या फोनवरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा, कारण ईमेल हातात आला की बाकीचे पासवर्ड बदलता येतात. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेले असतील तर ते सगळेच फुटले असं धरा. तो माणूस बराच वेळ आत असेल तर मी सरळ फॉरमॅट मारतो. त्याआधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या, प्रोग्रॅम मात्र घेऊ नका.

बँकेला आजच कळवा आणि स्टेटमेंट बघत राहा. पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवायला तोच मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः माहिती दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ आणि नंबर लिहून ठेवा.

वडिलांना रागावू नका. रागावलात तर पुढचा फोन ते तुमच्यापासून लपवतील, आणि पुढचा फोन येऊ शकतो. ‘तुमची सर्व्हिस रद्द झाली, रिफंड देतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका,’ असा असेल. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. कधीकधी तोच माणूस सायबर पोलीस बनूनही बोलतो. असा नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी वेबसाइटवरच्या ‘चक्षू’ सुविधेवर टाका. पैसे गेलेले नसतील तेव्हाच्या तक्रारींसाठीच ती आहे, गेले असतील तर १९३०.