विचारा की! : कंट्री गाणी एवढी रडकी, तरी आवडतात कशी?

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगला आहे, टिळकवाडीत रूम करून राहतो. रूममेटमुळं मला अमेरिकन कंट्री म्युझिकचा नाद लागलाय. पण ऐकेल तिथं कुणाची बायको सोडून गेली, कुणाची नोकरी गेली, कुणाचा बाप वारला आणि सगळे मिळून दारू पिताहेत. एवढं दुःखी का असतंय हे? आणि असून लोक का ऐकतात की? आमचा एक मित्र म्हणतोय, ही गाणी ऐकून लोक आत्महत्या करतात असं रिसर्चमध्ये सिद्ध झालंय. खरं काय?
– एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : रूममेट गिटार वाजवत असेल तर त्याला ह्यातल्या कुठल्याही चार-पाच गाण्यांचे कॉर्ड काढायला सांग. बहुतेक सगळे मेजर, म्हणजे कानाला आनंदी वाटणारे निघतील, तीन नाहीतर चार, तेच ते, वाढदिवसाच्या गाण्याला चालतात तसलेच. म्हणजे चालीत रडं फारसं नसतंच. हँक विल्यम्सचं 1949 चं 'आय'म सो लोनसम आय कुड क्राय' घे, ह्या सगळ्या रडक्या गाण्यांचा आजोबा म्हणायला हरकत नाही. मेजर स्केल, तीन मात्रांचा वॉल्ट्झचा ठेका, ज्यावर माणसं जोडीनं नाचतात. आणि त्यावर हा बाबा सांगतो काय, तर रात्री ओरडणारा एक पक्षी, लांबून जाणारी रेल्वे, ढगाआड गेलेला चंद्र. आधी काय दिसतंय, काय ऐकू येतंय ते, स्वतःचं नंतर, आणि तेही थोडक्यात. नाचायच्या ठेक्यावर कुणीतरी शांतपणे असलं काही सांगायला लागला की जास्त लागतं, रडका राग लावून रडला असता तर आपण म्हटलं असतं बास कर की.

आता दुःखच का, तर ते म्युझिक कुठून आलं ते बघ. 1927 च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर नावाचा माणूस रेकॉर्डिंगचं सामान घेऊन ब्रिस्टल नावाच्या गावात गेला. हे गाव बरोब्बर टेनेसी आणि व्हर्जिनिया ह्या दोन राज्यांच्या सीमेवर, मेन रोडच्या मधोमध सीमा, ह्या बाजूचं दुकान एका राज्यात आणि समोरचं दुसऱ्या. (आपल्याला सीमाभाग काय असतो ते सांगायला नको, फक्त त्यांच्याकडं दोन्हीकडं भाषा एकच, त्यामुळं बोर्ड कुठल्या भाषेत हा प्रश्न नाही.) आजूबाजूच्या डोंगरातनं माणसं गायला आली. त्यात कार्टर फॅमिली होती आणि जिमी रॉजर्स होता. पुढं 1998 मध्ये अमेरिकन काँग्रेसनं ह्याच गावाला कंट्री म्युझिकचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली.

जिमी रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा होता आणि त्याला टीबी होता, औषध नसलेल्या काळातला टीबी. 1933 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याच्यासाठी कॉट टाकली होती, एक गाणं झालं की आडवा व्हायचा, उठून पुढचं गायचा. शेवटच्या रेकॉर्डिंगनंतर दोन दिवसांत गेला, वय 35. हँक विल्यम्स तर 29 व्या वर्षी, 1953 च्या एक जानेवारीला, कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर मेला. पाठीचं दुखणं, दारू, मोडलेला संसार, सगळं होतं.

पण एवढ्यावरनं असं समजू नको की भोगलं तेच गायलं. कंट्रीचा सगळा धंदा जिथं चालतो त्या नॅशव्हिलमध्ये ऑफिसला गेल्यासारखं सकाळी बसून रडकी गाणी लिहिणारे लोक आहेत आणि त्यांना पक्कं माहीत असतं काय खपतं. गायक जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' दोघांनी मिळून लिहिलं, बॉबी ब्रॅडक आणि कर्ली पुटमन. एक माणूस म्हणालेला असतो की मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, आणि आज ते प्रेम थांबलं, का, तर आज तो मेला. बस, एवढीच गोष्ट. जोन्सला स्वतःला ते इतकं मढ्यासारखं वाटलं की हे कोण विकत घेणार म्हणत होता. 1980 मध्ये ते एक नंबरला गेलं आणि त्याचं बुडत आलेलं करिअर वर आलं. आता ह्याला खरं दुःख म्हणायचं की धंदा? माझ्या मते दोन्ही, आणि त्यात वाईट काही नाही, लिहिणारा न रडता लिहितो म्हणून तर ऐकणाऱ्याला रडायला जागा राहते.

ऐकणारे कोण होते हेही बघायला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास आणि नंतर त्या डोंगराळ भागातली माणसं लाखांनी डेट्रॉइट, शिकागोच्या कारखान्यांत गेली. खानापूर-चंदगडकडची पोरं गोव्याला, मुंबईला, पुण्याला जातात तसंच, नाहीतर फौजेत भरती होऊन वर सरहद्दीवर. आठवडाभर मशीनवर उभा राहिलेला गडी घरी पत्र लिहून 'मला आईची आठवण येते' असं म्हणत नाही. फोनवर पण म्हणत नाही, 'जेवलो, बरं आहे' एवढंच. पण बारमधल्या ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे गाणी वाजवायच्या यंत्रात, नाणं टाकलं की त्यातला माणूस त्याच्या वतीनं सगळं बोलतो, आणि ह्यानं नुसतं ग्लासाकडं बघत बसायचं. मला तरी ह्या गाण्यांचं खरं काम हेच वाटतं, ज्याला बोलता येत नाही त्याचं बोलून दाखवायचं, आणि तेही इतकं बारीकसारीक तपशिलासकट की ऐकणाऱ्याला वाटावं ह्याला माझ्या घरचं कसं कळलं.

हे आपल्याला नवीन नाही रे. तुझ्या आज्जीला विचार, पहाटे जात्यावर बसलेली सून सासूच्या तोंडावर एक शब्द बोलायची नाही, पण ओवीत माहेर, भाऊ, सासुरवास सगळं काढायची, आणि सासू आत पडून ऐकायची. गाण्यात आलं की कुणी जाब विचारत नाही, हा अलिखित नियम होता. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ ह्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या अशा लाखभर ओव्या जमवल्यात, त्यात दुःख वजा केलं तर किती उरतील बघ. आणि कन्नड बाजूला मोहरममध्ये करबलाच्या गोष्टीची रिवायत पदं म्हणतात, सगळी कथा मरणाची, म्हणणाऱ्यात आणि ऐकणाऱ्यात हिंदू पण असतात, आणि लोक वर्षभर वाट बघतात त्याची. भरतमुनींनी करुणाला रस म्हणून शृंगाराच्या पंगतीत बसवलं ते उगीच नाही.

राहिला मित्राचा रिसर्च. तो आहे, थाप नाही. 1992 मध्ये स्टीव्हन स्टॅक आणि जिम गुंडलाक ह्या दोघांनी अमेरिकेतल्या 49 महानगरांची आकडेवारी घेऊन दाखवलं की जिथं रेडिओवर कंट्री जास्त वाजतं तिथं गोऱ्या लोकांत आत्महत्येचं प्रमाण जास्त. पण ही दोन आकड्यांची जोडी आहे, गाण्यानंच तसं होतं ह्याचा पुरावा नव्हे, आणि नंतर दुसऱ्यांनी तपासलं तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. 2004 मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. उलट दुसऱ्याचं दुःख पटकन मनाला लावून घेणाऱ्या माणसांना दुःखी संगीत जास्त आवडतं असं काही अभ्यासांत दिसलंय. मात्र मित्र हे स्वतःबद्दल आडून विचारतोय असं जरा जरी वाटलं तर गाण्यावर वाद घालत बसू नको, त्याच्याशी बोल आणि टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दे, फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो.

आणि सगळीच कंट्री रडकी नसते हां. पिकअप गाडी, बिअर, शनिवारची रात्र एवढ्यावर चालणारी गाणी ढिगानं आहेत, फक्त ती तुझा रूममेट लावत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. चिरंजीव सुट्टीला आले की गाडीत ही गाणी लावतात. मला इंग्रजी येते पण ह्यांचे उच्चार काही समजत नाहीत. तरी मध्येच एक वाद्य रडल्यासारखे वाजते आणि घसा दाटतो. ते वाद्य कोणते? आणि शब्द न कळता असे का व्हावे?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : गुरुजी, ते पेडल स्टील गिटार. टेबलासारखं समोर आडवं ठेवतात, डाव्या हातात लोखंडी कांब घेऊन तारांवर सरकवतात, आणि खाली पायाला पेडल, गुडघ्याला लिव्हर असतात. तार वाजत असतानाच पेडल दाबलं की तेवढ्या तारेचा सूर वर चढतो आणि शेजारची तार आहे तिथंच राहते, म्हणजे एक सूर उभा आणि दुसरा त्याच्याकडं ओढत जातोय. 1954 मध्ये आलेल्या वेब पिअर्सच्या 'स्लोली' गाण्यात बड आयझॅक्सनं हे केलं आणि मग सगळ्यांनाच ते पाहिजे झालं.

तुम्हाला ते ओळखीचं का वाटतं ते सांगते. हे वाद्य मूळ हवाईचं, आणि तिथनं ते अमेरिकेत गेलं तसंच कलकत्त्यालाही आलं. जुन्या हिंदी गाण्यांत जी हवाईयन गिटार वाजते ती ह्याचीच बहीण. ब्रिजभूषण काब्रांनी तर त्यावर राग वाजवले. का जमलं, तर मींड. कुमार गंधर्व ज्या सुळेभावीत जन्मले त्या जिल्ह्याच्या माणसाला मींड समजावून सांगायचा आगाऊपणा मी करत नाही, पण एका सुरातनं दुसऱ्यात ओघळत जाणं हे माणसाच्या रडण्याच्या आवाजात पण असतं, भाषा कुठलीही असो. गाणारे पण तेच करतात, आवाज नाकात, आणि वरच्या सुराला जाताना मुद्दाम मधेच फुटू द्यायचा.

शब्द न कळण्याचं म्हणाल तर ऐका. केनियातल्या किप्सिगिस लोकांनी चावीच्या ग्रामोफोनवर जिमी रॉजर्स ऐकला. शब्द कळत नव्हते, पण हा गाणारा अर्धा माणूस अर्धा हरिण असणार अशी समजूत झाली आणि त्याच्या नावाचं गाणंच तयार झालं, 'चेमिरोचा'. आफ्रिकेतलं लोकसंगीत जमवणाऱ्या ह्यू ट्रेसीनं 1950 मध्ये ते तिथल्या मुलींच्या आवाजात रेकॉर्ड केलंय, जरूर ऐका.

प्रश्न : ताई, आमचे मालक ही गाणी लावतात आणि त्यात प्रत्येक वेळी बाईच वाईट. सोडून जाते, फसवते, आणि गडी पीत बसतो. बायकांची बाजू कोण गातच नाही काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : गातात की! आणि गाजलं पण. 1952 मध्ये हँक थॉम्पसनचं असंच एक गाणं जोरात होतं, लग्न मोडून दारूच्या अड्ड्यांवर रमणाऱ्या बाईला नावं ठेवणारं. किटी वेल्सनं त्याच वर्षी त्याला उत्तराचं गाणं गायलं, की ह्या बाया देवानं अशा घडवल्या नाहीत, लग्न झालेले पुरुष आपण सडे असल्यासारखे वागतात त्यानं झालंय हे. एनबीसी रेडिओनं लावायला नकार दिला, तरी ते एक नंबरला गेलं, आणि बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री यादीत तिथं पोचलेली ती पहिली एकटी गायिका.

पुढं लॉरेटा लिन आली, केंटकीतल्या कोळसा खाणीवरच्या कामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न. ती रडत वगैरे नाही, नवऱ्याला आणि त्याच्या मैत्रिणीला सरळ दम देते. 1975 मध्ये तिनं कुटुंबनियोजनाच्या गोळीवर गाणं केलं, आता माझं मी ठरवणार म्हणून, आणि बऱ्याच रेडिओ स्टेशनांनी ते बंद केलं. मालकांना हे पहिलं ऐकवा.

आणि डॉली पार्टन तर हवीच. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे तिनं नवऱ्यासाठी किंवा प्रियकरासाठी लिहिलेलं नाही, ज्याच्या टीव्ही कार्यक्रमात ती वर आली त्या पोर्टर वॅगनरचा शो सोडताना लिहिलं, 1974 मध्ये आलं. एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरनं गाण्याचे अर्धे हक्क मागितले. एल्विस म्हणजे त्या वेळी काय होता तुम्हाला माहीतच आहे, तरी ती नाही म्हणाली, आणि त्या रात्री खूप रडली असं तिनंच नंतर सांगितलंय. मग 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं गायलं, जगभर वाजलं, आणि लेखिका म्हणून मिळणारा पैसा सगळा डॉलीकडं आला.