मेनफ्रेमवर वेबस्फिअर या ॲप्लिकेशन सर्व्हरच्या बेसला नवा पीटीएफ (आयबीएमचा फिक्स) लावतोय, फीचर पॅकला (बेसवर चढवलेल्या जादा भागाला) वेगळा लावावा लागतो का?

लावावा लागतोच, आणि जमलं तर बेससोबत त्याच अप्लायमध्ये (पीटीएफ बसवायच्या कमांडमध्ये) लावा. तुम्ही लिहिलंय की ७.० चा बेस वर न्यायचाय, फीचर पॅक आधीपासून बसलेला आहे आणि तुमचे सीनिअर म्हणतात, ‘एसएमपी/ई बघून घेतं सगळं.’ सॉफ्टवेअर बसवणारं हे टूल बघतं, पण दोन्ही एकाच टार्गेट झोनमध्ये, म्हणजे काय बसवलंय त्याच्या एकाच नोंदवहीत, असतील तरच.

फीचर पॅकचा एफएमआयडी (प्रॉडक्टच्या भागाचा ओळखीचा कोड) वेगळा असतो. त्याचा बेसशी मेळ राहावा म्हणून पीटीएफमध्ये ‘++इफ’ची ओळ असते: अमुक एफएमआयडी बसलेला असेल, तर तमुक पीटीएफही हवा. साधा अप्लाय ही अट फक्त आपल्याच झोनमध्ये तपासतो. फीचर पॅक दुसऱ्या झोनमध्ये असेल तर रिटर्न कोड ० येतो, सगळे खूश, आणि जुळत नसल्याचं सोमवारी ॲप्लिकेशन टीमच्या फोनवरून कळतं. ऐरोली-महापेच्या साइट्सवर असे सुटे झोन मी बरेच पाहिलेत; बहुतेक वेळा कुणीतरी कधीकाळी घाईत बनवलेले. तुमचे तसे असतील तर दोन्ही झोन एका झोनसेटमध्ये (झोनच्या गटात) घालून ‘रिपोर्ट क्रॉसझोन’ चालवा. कुठल्या झोनमध्ये कुठला पीटीएफ कमी आहे ते त्यात दिसतं, आणि तो लावायच्या कमांडही एसएमपीपंच या आउटपुट फाइलमध्ये तयार मिळतात.

झोन एकच असेल तर काम सोपं. ताजा होल्डडेटा (कुठला पीटीएफ का अडवून ठेवलाय त्याची आयबीएमची यादी) रिसीव्ह करा, मग ग्रुपएक्स्टेंड (सोबत लागणारे पीटीएफही ओढून घेणारा पर्याय) देऊन अप्लाय चेक, म्हणजे प्रत्यक्ष न लावता रंगीत तालीम. चेक पडला तर अख्खं आउटपुट चाळत बसू नका, थेट कॉझर रिपोर्टवर जा. मूळ अडचण तिथे सापडते, बाकीचे मेसेज तिची पिल्लावळ असतात. सिस्टिम होल्ड (पीटीएफ लावताना हाताने करायच्या कामांच्या सूचना) वाचून झाले की बायपास करायला हरकत नाही, पण ‘++इफ’ची अट डावलणारा ‘बायपास इफरेक’ मात्र कुणीही सांगितलं तरी देऊ नका.

खरा अप्लाय चालत्या झेडएफएसवर (वापरात असलेल्या फाइल सिस्टिमवर) नको, कॉपीवर करा. डीडीडेफमधले (फाइली कुठे आहेत ते एसएमपी/ईला सांगणाऱ्या नोंदींमधले) पाथ ती कॉपी जिथे माउंट केलीय त्या सर्व्हिस माउंटकडेच बघतायत ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहा.

कामासाठी सर्व्हर बंद ठेवायची विंडो शनिवारी रात्रीची मागा. रविवारी ट्रान्सहार्बरला ब्लॉक असला की ठाण्याला परतायचे वांधे होतात.

कॉन्फिगरेशनच्या झेडएफएसचा बॅकअप सर्व्हर उठवायच्या आधीच घ्या. नव्या पातळीवर पहिल्यांदा सर्व्हर सुरू होतो तेव्हा ॲप्लायपीटीएफ स्क्रिप्ट चालते आणि कॉन्फिगरेशनमध्ये बदल करते. नंतर नुसतं जुनं प्रॉडक्ट परत माउंट केलंत तर कॉन्फिगरेशन पुढेच गेलेलं राहतं.

८.० पासून हे काम इन्स्टॉलेशन मॅनेजरकडे गेलं, तिथली पद्धत निराळी. ७.० चा नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०१८ मध्ये संपलाय, हेही मॅनेजरांच्या कानावर घालून ठेवा.

ॲक्सेप्टची, म्हणजे पीटीएफ कायमचा पक्का करायची, घाई नको. ॲक्सेप्ट केलेला पीटीएफ रिस्टोअर होत नाही, म्हणजे परत काढता येत नाही. पण वर्षानुवर्षं काहीच ॲक्सेप्ट न करणंही अंगाशी येतं, कारण रिस्टोअर डिस्ट्रिब्युशन लायब्ररीतली (ॲक्सेप्ट झालेल्या पातळीची) प्रत उचलतो. त्याच एलिमेंटवर (प्रॉडक्टमधल्या त्याच तुकड्यावर) आधीचे पीटीएफ ॲक्सेप्ट न होता पडून असतील तर तेही सोबत काढावे लागतात. म्हणून नवीन काही चढवण्यापूर्वी, मागच्या वेळचं जे व्यवस्थित चालतंय ते ॲक्सेप्ट करून टाका.