सायगावचं टीव्ही चॅनेल सुरुवातीला विमानातून प्रसारित व्हायचं, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. ७ फेब्रुवारी १९६६ला दक्षिण व्हिएतनाममध्ये टीव्ही सुरू झाला, तेव्हा ट्रान्समीटर जमिनीवर नव्हताच. तो राजधानी सायगाववर (आजच्या हो ची मिन्ह सिटीवर) घिरट्या घालणाऱ्या अमेरिकन नौदलाच्या चार इंजिनांच्या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानात होता. कारण साधं आहे. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे अँटेना जितका उंच तितका पल्ला लांब. आणि व्हिएतनाम युद्धात घाईघाईने मनोरे उभारण्यापेक्षा विमान उडवणं झटपट होणारं होतं. एकाच विमानातून दोन चॅनेल चालायची: ९ नंबरवर व्हिएतनामी कार्यक्रम, ११ नंबरवर अमेरिकन सैनिकांसाठी इंग्रजी. म्हणजे विमान उतरलं की टीव्ही बंद! पुढे त्याच वर्षी सायगावात जमिनीवरचं केंद्र उभं राहिलं.

एक खुलासा मात्र हवा. आजचं हो ची मिन्ह सिटी टेलिव्हिजन, म्हणजे एचटीव्ही, आपला जन्म १९६६चा मानत नाही. ३० एप्रिल १९७५ला सायगाव उत्तर व्हिएतनामच्या बाजूच्या फौजांच्या हाती पडलं आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, त्याच केंद्रातून नव्या सत्तेचं प्रसारण सुरू झालं. एचटीव्ही आपला वाढदिवस तोच धरतं. शहराचं नाव १९७६मध्ये बदललं, तसं केंद्राचंही. यंत्रं जुनीच होती, जन्मतारीख तेवढी नवी. आणि हे सगळं फक्त दक्षिणेपुरतं. उत्तरेची राजधानी हनोईचा टीव्ही १९७०मध्ये वेगळा सुरू झाला.