स्वमग्न मुलाला राइडआधी उंची मोजून घ्यायची सवय कशी लावावी?

खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या पार्कात राइडआधी उंची बघतात. बऱ्याच मुलांना पट्टीपेक्षा डोक्याजवळ येणारा अनोळखी हातच नको असतो. घरी दाराच्या चौकटीवर रंगीत चिकटपट्टी लावा. आधी टेडीला मोजा, मग मुलाला तुमची उंची मोजू द्या (गुडघ्यावर बसा, मजा येते). त्याची पाळी शेवटी: ‘एक, दोन, तीन, झालं!’ स्पर्श नको असेल तर वही डोक्यावर अधांतरी धरा.

खरी रडारड होते ती उंची कमी भरल्यावर. म्हणून पार्कच्या वेबसाइटवरच्या अटी आधी बघा आणि कुठल्या राइडला हो, कुठल्या राइडला नाही, हे चित्रं दाखवून घरीच ठरवा. टाचा उंचवायला मात्र शिकवू नका. सुरक्षेचा दांडा अंगाला नीट बसावा म्हणूनही ही अट असते.